सातारा ते न्यूअर्क : साडेतेहतीस तासांचा बुधवार

मंगळवार, 21 मे 2024 : सातारा–मुंबई

तिकिटावर छापलं होतं : मुंबईहून सुटणार रात्री 1.15, न्यूअर्कला पोहोचणार सकाळी 7.35, वाटेत थांबा नाही. खाली बारीक अक्षरात एकूण वेळ 15 तास 50 मिनिटं. हिने दोनदा वाचलं आणि विचारलं, "अहो, रात्री सव्वाला निघून सकाळी साडेसातला अमेरिका, मग पंधरा तास कुठले?" प्रश्न रास्त होता. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. न्यूअर्क न्यू जर्सी राज्यात, न्यू यॉर्कच्या शेजारी. अमेरिकेत मे महिन्यात उन्हाळी घड्याळ चालू असतं, त्यामुळे आपण न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो.

मला मात्र दुसराच आकडा खुपत होता. नोकरी सगळी एसटीत, वाहतूक शाखेत, त्यातही बराच काळ वेळापत्रकं बसवण्यात गेला. किलोमीटर आणि तास शेजारी दिसले की भागाकार आपोआप होतो. मुंबई–न्यूअर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर. त्याला पंधरा-पन्नासने भागलं तर ताशी आठशेही भरत नाही. मोठी जेट विमानं तर ताशी नऊशेच्या आसपास उडतात. मग बाकीचा वेळ मुरतो कुठे?

काही छपाईतच मुरतो. तिकिटावरची वेळ नुसती उडण्याची नसते. विमान इकडच्या दारातून मागे ढकलल्यापासून तिकडच्या दाराशी चाकं थांबेपर्यंतची ती वेळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, उतरल्यावर पुन्हा रांगणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. वर पदरची पाच-पंधरा मिनिटं घातलेली, म्हणजे थोडा उशीर झाला तरी फलकावर 'वेळेवर' झळकतं. यावर मी नाक मुरडणार नाही. वेळापत्रक बसवणारा कुठलाही माणूस पदरी चार मिनिटं ठेवतोच.

दुसरी गोष्ट 'सरळ' अंतराची. घरातल्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यावर मुंबई ते न्यू यॉर्क पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को करत अटलांटिक पार करते. ती वाट मोजली तर 14,200 किलोमीटरच्या आसपास जाते. शेजारच्या मुलीचा पृथ्वीगोल मागून आणला आणि त्यावर दोन्ही गावांमध्ये सुतळी ताणून धरली. सुतळी पश्चिमेला जाईचना. मुंबईहून ती वर, वायव्येला सुटली, कॅस्पियन समुद्राच्या वरच्या टोकावरून थेट मॉस्को, तिथून फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं शेपूट, आणि मग कॅनडातून खाली न्यू यॉर्क. सर्वांत वर ती 65 अंश अक्षांशाला टेकते, आर्क्टिक वृत्ताच्या दीड अंश अलीकडे. साडेबारा हजार किलोमीटर आहेत ते या वाटेने. नकाशा गोल पृथ्वी सपाट करताना वरचे देश ताणून रुंद करतो, म्हणून जवळची वाट त्यावर वाकडी दिसते आणि लांबची सरळ. पट्टी ठेवणारा माणूस सतराशे किलोमीटर जादा चालतो.

साताऱ्याहून दुपारी एकला निघालो. खंबाटकीचा बोगदा, पुण्याच्या कडेची कोंडी, एक्स्प्रेसवेवर जेवण, पनवेलच्या पुढे पुन्हा कोंडी. अडीचशे किलोमीटरना सात तास लागले. तेवढ्या वेळात विमान मुंबईहून फिनलंड गाठतं, हे मी गाडीत बोललो आणि चालकाला ते अजिबात आवडलं नाही.

विमानतळावर हातात भरपूर वेळ होता. एक जुना योगायोग तिथे आठवला. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, 8 जूनला, एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं. नाव 'मलबार प्रिन्सेस', जात लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं, प्रवासी 35, थांबे कैरो आणि जिनिव्हा. न्यू यॉर्कला जायला त्यानंतर बारा वर्षं लागली. मे 1960 मध्ये बोइंग 707 जेट आल्यावर ती फेरी सुरू झाली, आणि तीही लंडनमार्गे. विनाथांबा मुंबई–अमेरिका ही तर अगदी अलीकडची चैन.

बुधवार, 22 मे : हवेत

विमान बोइंग 777, लांबीचं मोठं. असं विमान पूर्ण भरून उडतं तेव्हा त्याचं वजन साडेतीनशे टनांपर्यंत जाऊ शकतं, आणि टाक्यांत एक लाख 81 हजार लिटर इंधन मावतं. इतक्या लांबच्या फेरीला वजनाचा मोठा वाटा इंधनाचाच असतो. म्हणजे सुरुवातीचे काही तास विमान मुख्यतः स्वतःचंच पुढचं इंधन वाहत असतं. त्याचा परिणाम समोरच्या पडद्यावर दिसला. 1.40 ला चाकं सुटली, तरी पहिले काही तास आम्ही 30 हजार फुटांच्या आसपासच होतो. पुढे जसजसं इंधन जळत गेलं, विमान हलकं झालं, तसतसं ते पायरी-पायरीने 32, 34, 36 हजारांवर चढत गेलं. एका दमात वर जाता येत नाही, जडपणा झेपत नाही.

वैमानिक चार होते. दोघं चालवतात, दोघं झोपतात. झोपायची जागा प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या आत असते. मुक्कामी गाडीच्या चालकाला स्टँडच्या खोलीत ढेकणांबरोबर झोपताना पाहिलेला मी, मला ही सोय मनापासून आवडली.

आमची वाट पाकिस्तानवरून इराणच्या कडेने कॅस्पियनकडे आणि पुढे रशियात शिरली. सुतळीची वाट ती जवळपास हीच. पण ही वाट सगळ्यांना मिळत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटल्यावर युक्रेनचं आकाश बंद झालं, आणि रशियाचं आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एका अमेरिकन कंपनीची न्यूअर्क–मुंबई थेट सेवा त्याच मार्चमध्ये थांबली, कारण वळसा घालून ती परवडेना. भारतीय कंपन्यांना रशियावरून जाता येतं. उलट पाकिस्तानचं आकाश त्यांना 2019 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं, आणि आमच्या प्रवासानंतर वर्षभराने, एप्रिल 2025 मध्ये, पुन्हा बंद झालं. तेव्हा दोन शहरांतलं अंतर म्हणून जो आकडा छापतात तो भूगोलाचा. प्रत्यक्ष किती उडावं लागेल हे त्या आठवड्यात कोण कुणाशी भांडलंय यावर ठरतं. आमच्या रात्री दोन्ही दारं उघडी होती. पडद्यावर शेवटी जेमतेम 12,900 भरले.

पहिल्या टप्प्यात डावीकडच्या खिडक्यांतून चंद्र दिसत होता. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा, त्यामुळे तो जवळजवळ पूर्ण होता आणि खाली इराणचे उघडे डोंगर करडे दिसत होते. जेवण झाल्यावर हवाईसुंदरीने सगळ्या खिडक्या बंद करवल्या. आमच्या जागा मधल्या रांगेत. मग मी मागच्या दाराशी गेलो. तिथे दाराला एक छोटी गोल खिडकी असते आणि शेजारी चहा-पाण्याची जागा असल्यामुळे उभं राहणाऱ्याला कुणी हटकत नाही.

निघाल्यावर साधारण साडेचार तासांनी, कॅस्पियनच्या उत्तर टोकाला, उजव्या बाजूला आकाशाची कड लाल झाली. माझ्या घड्याळात सकाळचे सहा वाजून गेले होते. थोड्या वेळाने सूर्य वर आला. पुढे काय होतं ते मला पाहायचं होतं. मॉस्को गेलं. फिनलंडवर आलो तेव्हा सूर्य क्षितिजापासून वीतभर वर असेल. नॉर्वेच्या समुद्रावर पाहिलं, तेवढाच वर. आइसलंडला पाहिलं, तेवढाच. ग्रीनलंडच्या टोकाशी तर तो आधीपेक्षा थोडा खाली उतरला होता. सहा तास सूर्य जागचा हलला नाही, हलला तो उलटा.

यात चमत्कार काही नाही, शुद्ध हिशेब आहे. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी 1,670 किलोमीटर वेगाने फिरते. मुंबईच्या अक्षांशाला हा वेग 1,580 च्या घरात असतो. जसजसं उत्तरेला जावं तसा फेर लहान होतो आणि वेग उतरतो. 60 अंशांवर तो निम्मा राहतो, 65 अंशांवर जेमतेम सातशे. आमचं विमान पश्चिमेकडे साडेआठशेने चाललेलं. म्हणजे त्या पट्ट्यात विमान पृथ्वीपेक्षा जोरात पळत होतं. सकाळ पुढे सरकवायचं काम पृथ्वी करत होती आणि आम्ही ती तितक्याच जोराने मागे खेचत होतो. मुंबईवरून कुठलंही प्रवासी विमान हे करू शकणार नाही. तिथे पृथ्वी फार वेगात असते.

हिला उठवून दाराशी नेलं. तिने ग्रीनलंडचा बर्फ पाहिला, फुटलेल्या बर्फाचे तुकडे पाण्यात तरंगताना पाहिले, आणि म्हणाली, "खिडकीची जागा घेतली असती तर?" त्याचे पैसे वेगळे पडत होते, हे तिला माहीत होतं. मी काही बोललो नाही.

लॅब्राडॉरवरून विमान नैर्ऋत्येला वळलं आणि सूर्य एकदम रीतसर वर चढायला लागला. खाली हजारो तळी, त्यांतली काही अजून गोठलेली. मग जंगल, मग रस्ते. न्यूअर्कला चाकं टेकली तेव्हा तिथल्या घड्याळात 7.20. हवेत 15 तास 10 मिनिटं. दाराशी 7.35, मिनिटाचा फरक नाही. जावई बाहेर उभे होते. त्यांनी विचारलं, "बाबा, प्रवास कसा झाला?" मी म्हटलं, वेळेवर. ते हसले, पण आमच्या खात्यात याहून मोठी शाबासकी नव्हती.

तो बुधवार मात्र संपता संपेना. मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री तो सुरू झाला होता आणि एडिसनमधल्या लेकीच्या घरी मध्यरात्र व्हायला 24 वर साडेनऊ, म्हणजे साडेतेहतीस तास लागायचे होते. रात्री आठला मी बसल्या जागी पेंगलो. बाहेर अजून चक्क ऊन होतं.

गुरुवार, 23 मे : एडिसन

पहाटे अडीचला टक्क जाग. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं म्हणतात. त्या हिशेबाने आठवडा-दीड आठवडा असाच जाणार होता. लेक म्हणाली, पश्चिमेला येताना त्रास कमी, परत जाताना बघा. दिवस लांबवणं शरीराला जमतं, आखडणं जड जातं.

स्वयंपाकघरात चहा करून घेतला आणि परतीच्या गाड्या बघत बसलो. तोच मार्ग, तेच विमान, पण न्यूअर्कहून मुंबईला येताना छापील वेळ जातानापेक्षा तासा-सव्वा तासाने कमी. साताऱ्याच्या माणसाला यात नवल वाटायला नको. खंबाटकीत पुण्याकडे जाताना बोगदा आणि पुण्याहून येताना घाट. अंतर म्हणाल तर एकाच डोंगराचं, पण जाण्याची आणि येण्याची वेळ आम्ही कधी एक धरली नाही. विमानाचा घाट हवेत असतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, नागमोडी प्रवाह वाहतात, कधी ताशी दोनशे, हिवाळ्यात तीनशे किलोमीटरच्याही वर. विमानाचा हवेतला वेग नऊशेच राहतो. पण पाठीशी दोनशेचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने ते अकराशेने जातं, आणि तोंडावर असेल तर सातशेने. फेब्रुवारी 2020 मध्ये एक जंबो जेट अशाच वाऱ्यावर न्यू यॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. एरवी त्या वाटेला साडेसहा तास लागतात.

हे वारे आधी मोजले ते जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, 1920 च्या दशकात, टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून. निष्कर्ष त्यांनी एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला. साऱ्या जगाने वाचावा हा हेतू, पण ती भाषा येणारे मोजकेच आणि त्यांत हवामानवाले त्याहून मोजके. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बाँबफेकी विमानं जपानवर या वाऱ्यात सापडली तेव्हा तिकडच्या वैमानिकांना तो नवाच शोध वाटला.

या वाऱ्यापायी लांबची वाट लवकर संपते, असंही घडलंय. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते पूर्वेला वळवलं आणि पॅसिफिकवरून नेलं. अंतर भरलं 15,300, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, जुन्या वाटेपेक्षा कमी. वारा सगळ्या वाटेने पाठीशी होता. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागतं. या विमानाला ते लावलं असतं तर लवकर पोहोचणाऱ्या प्रवाशाने जास्त पैसे मोजले असते. आमच्या हिशेब शाखेला हे पटवून द्यायला मला आवडलं असतं.

शनिवार, 25 मे : लाँग आयलंड

जावईबापूंनी विचारलं, स्वातंत्र्यदेवी की टाइम्स स्क्वेअर? मी म्हटलं, रूझवेल्ट फील्ड. त्यांना वाटलं मला खरेदी करायची आहे, कारण रूझवेल्ट फील्ड हे आता एक अवाढव्य मॉल आहे. न थांबता एकट्याने अटलांटिक पार करणारा पहिला वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग 20 मे 1927 ला सकाळी 7.52 ला पॅरिसकडे उडाला ते मैदान हेच. शुक्रवारपासूनच लोक मेमोरियल डेच्या सुट्टीला निघाले होते. एडिसनहून नव्वदेक किलोमीटर, वेळ अडीच तास. इथेही पनवेल आहेच.

मैदानाचा मागमूस नाही. गाड्या, दुकानं, पुन्हा गाड्या. त्यापेक्षा जवळच गार्डन सिटीतलं 'क्रेडल ऑफ एव्हिएशन' संग्रहालय बघावं. लिंडबर्गच्या विमानाचं तिथे एक सख्खं भावंड आहे, त्याच कारखान्यातलं. पाहताक्षणी नजरेत भरतो तो त्याचा लहानपणा. कापडाने मढवलेले पंख, एकच इंजिन. लिंडबर्गने आपल्या विमानात पुढे, काच असायला हवी तिथे, इंधनाची मोठी टाकी बसवून घेतली होती. समोरचं पाहायला एक छोटा परिदर्शक, नाहीतर बाजूच्या खिडकीतून मान बाहेर. इंधन सतराशे लिटर.

मी गेलो होतो ते त्याच्या नकाशाच्या गोष्टीसाठी. सुतळीची वाट हातात नुसतं होकायंत्र असताना कशी धरायची? त्या वाटेवर दिशा सतत बदलत असते. मुंबईहून निघताना आमचं नाक वायव्येला होतं, आइसलंडजवळ पश्चिमेला, शेवटी नैर्ऋत्येला, आणि तरी ती वाट 'सरळ'. लिंडबर्गने निघण्याआधी सॅन डिएगोत बसून न्यू यॉर्क–पॅरिस वाटेचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला होकायंत्राचा वेगळा अंश काढून ठेवला. साधारण तासाला एकदा तो अंश बदलायचा आणि पुढे जायचं. झोप नाही, ढग, पंखांवर साचणारा बर्फ. सत्तावीस तासांनंतर आयर्लंडचा किनारा दिसला तो ठरवल्या जागेपासून अगदी थोडा बाजूला. आमच्या विमानात हेच काम यंत्र करतं, क्षणोक्षणी, आणि वैमानिक पायरी चढायची परवानगी मागतो.

5,800 किलोमीटरला लिंडबर्गला लागले 33 तास 30 मिनिटं. फलकावर हा आकडा वाचून मी हिला हाक मारली. आमचा बुधवार बरोबर तेवढाच होता. "पण त्यात आपल्याला दोनदा जेवण मिळालं," ती म्हणाली.

जून, जुलै वगळतो. नात, बाग, ओक ट्री रोडवरची भाजी, त्यात विमानाचं काही नाही.

रविवार, 25 ऑगस्ट : न्यूअर्क–लंडन

परतीचं तिकीट मुद्दाम लंडनमार्गे घेतलं. स्वस्त होतं हे पहिलं कारण. दुसरं कारण पुन्हा सुतळी. मुंबई–लंडन 7,200 किलोमीटर, लंडन–न्यू यॉर्क साडेपाच हजारांना थोडे वर, बेरीज 12,750. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. लंडन म्हणजे वाकडी वाट असं आपल्याला वाटतं, पण ते जवळपास वाटेवरच आहे. 1960 मध्ये 707 ला तिथे थांबावं लागत होतं, त्याचा तोटा किलोमीटरमध्ये काहीच नव्हता. दुबईमार्गे गेलं तर चारशेच्या आसपास वाढतात.

संध्याकाळी 7.25 ला उडालो. अटलांटिकवर रस्ते आखलेले असतात आणि ते रोज बदलतात. वाऱ्याचा अंदाज पाहून एका अंगाने कॅनडातलं गँडर आणि दुसऱ्या अंगाने स्कॉटलंड-आयर्लंडचं शॅनविक ही दोन केंद्रं समांतर मार्ग जाहीर करतात. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी, दिवसा पश्चिमेकडे येणाऱ्यांसाठी. पूर्वेचे मार्ग वाऱ्याच्या प्रवाहात ठेवतात, पश्चिमेचे प्रवाहाला चुकवून. वेळापत्रक बसवणारे लोक मला जगात सगळीकडे आवडतात, पण हे रोज नवं बसवतात. ऑगस्टात वारा मवाळ असतो, तरी न्यूफाउंडलंड सोडल्यावर पडद्यावर ताशी 1,030 दिसले.

सोमवार, 26 ऑगस्ट : लंडन–मुंबई

सोमवारी गोकुळाष्टमी. हिचा उपवास, आणि प्रश्न असा की तो धरायचा कधीपासून? न्यूअर्कच्या घड्याळाने सोमवार लागला तेव्हा आम्ही अटलांटिकच्या मध्यावर होतो. मुंबईत तेव्हा सकाळचे साडेनऊ, म्हणजे अर्धी सकाळ सरलेली. मी गणित मांडून दाखवलं : इथल्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या मध्यरात्रीपर्यंत फक्त साडेचौदा तास. जाताना साडेनऊ तास उसने घेतले होते, ते आज परत द्यायचे. ती म्हणाली, "साडेचौदा तासांचा उपवास कसला? तो तर मी रोज करते." आणि रात्रीचं जेवण आटोपून रविवारीच तोंड बंद केलं.

सकाळी 7 ला लंडन. हवेत 6 तास 35 मिनिटं. हिथ्रोवर राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. चहा प्रचंड महाग. 10.40 ला पुन्हा उडालो. विमान युक्रेनच्या खालून, काळ्या समुद्रावरून कॅस्पियनकडे निघालं. या वेळी सूर्याने उलट केलं. समोरून भरभर रात्र आली, दुपारचं जेवण जेमतेम आवरलं आणि खिडकी काळी झाली. पूर्वेला जाताना विमान आणि पृथ्वी एकाच बाजूला पळतात, त्यामुळे दिवस हातातून निसटतो. हिने फळांची थाळी आधीच सांगून ठेवली होती. तीत कलिंगड, अननस आणि एक पांढरं गोड फळ होतं. ते उपवासाला चालतं का यावर आम्ही पाकिस्तानच्या हद्दीपर्यंत बोललो.

मुंबईला वेळेआधी पोहोचणार, असं वैमानिकाने साडेअकराच्या सुमारास जाहीर केलं. मला ते तेव्हाच पटलं नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि वर पाऊस. अपेक्षेप्रमाणे पालघरच्या डोक्यावर आम्हाला घिरट्या घालायला लावलं. सात हजार किलोमीटर वेळेच्या आत झाले आणि शेवटच्या शंभरासाठी पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात मी बेरीज केली : जाताना हवेत 15 तास 10 मिनिटं, येताना दोन तुकडे मिळून, घिरट्या धरून, 15 तास 35 भरणार. पाठीशी वारा असून, दोनशे किलोमीटर आणि एक जादा उड्डाण अंगावर घेऊनही फरक पंचवीस मिनिटांचा, आणि तोही सगळा पालघरचा.

हिने घड्याळ लंडनलाच मुंबईवर लावलं होतं. बाराचा ठोका पडला तेव्हा विमान ढगात वळत होतं. तिने पर्समधून लेकीने दिलेली सुंठवड्याची डबी काढली. मी म्हटलं, अजून उतरलो नाही. "खाली मुंबईच आहे ना?" ती म्हणाली. "मग झाला जन्म." पलीकडच्या जागेवरच्या अनोळखी मुलाच्या हातावरही तिने चिमूटभर ठेवला. चाकं टेकली 12.10 ला.